फ्रीजच्या दारातली होडी

आमच्या न्हाणीघरात वॉशिंग मशीनच्या जागी एक वेगळंच यंत्र आहे आणि वॉशिंग मशीन बाहेर पडवीत उभं आहे. या व्यवस्थेला बायकोनं संमती दिली तेव्हाच तिचे आभार मानायला हवे होते. ते राहून गेलं, म्हणून इथे सुरुवातीलाच मानतो.

यंत्र म्हणजे एक लांबट, उथळ हौद. त्यात पाणी, आणि पाण्यात रोलरवर आडवी ठेवलेली एक काळी, झाकणबंद टाकी, जुन्या डालड्याच्या डब्याएवढी. टाकीत कॅमेऱ्यातून काढलेली फिल्म असते. कडेची मोटर टाकीला सावकाश फिरवते, थोड्या वेळानं थांबते, आणि विचार बदलल्यासारखी उलटी फिरवायला लागते. टाकी आडवी असल्यामुळे आत जरासं रसायन पुरतं. फिल्म फिरता फिरता त्यातून भिजून निघते. हौदातलं पाणी टाकी आणि रसायनांच्या बाटल्या एकाच तापमानात ठेवतं. याला रोटरी प्रोसेसर म्हणतात. बायको त्याला ‘तुमचं घुसळण’ म्हणते, आणि आवाजावरून तिचंच बरोबर वाटतं.

मी अलिबागच्या कोर्टात भाषांतरकार होतो. मराठी जबान्यांचं इंग्रजी आणि इंग्रजी निकालांचं मराठी करत नोकरी संपली. या कामानं एक सवय लागली: मोठा शब्द दिसला की तो उचलून खाली काय आहे ते बघायचं. बहुतेक वेळा काही नसतं. निवृत्तीनंतर माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं. मी सवयीनं त्याचं मराठी केलं: हात थरथरणे. ते म्हणाले, “बरोबर.” आणि फी घेतली.

थरथरणाऱ्या हाताचा तोटा असा की तरुणपणापासूनचा माझा एकुलता एक छंद, घरी फिल्म धुण्याचा, अडचणीत आला. फिल्मची टाकी हातानं धुताना ती शांतपणे उलटी-सुलटी करायची असते. माझा हात ती खुळखुळ्यासारखी वाजवायला लागला. आत फेस होऊन फिल्मवर बुडबुड्यांचे डाग पडायला लागले. मी सोडून देण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात अलिबागच्या बसस्टँडजवळचा एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. कोर्टात अर्जाला लागणारे निम्मे फोटो तिथे निघत असत, त्यामुळे मालकांची आणि माझी ओळख होती. सामान उचलताना त्यांनी हे यंत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “घेऊन जा. भंगारवाला म्हणतो, यात लोखंडच नाही.” मी ते रिक्षात मांडीवर घेऊन आलो. ते गृहस्थ आता मुलाकडे पुण्याला असतात. दर दिवाळीला मी त्यांना एक फोटो पाठवतो आणि ते दर वेळी कळवतात की जरा गडद झालाय.

आमचं गाव अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शनिवार-रविवार इथे बंगलेवाले येतात. त्यांच्यापैकी एकांनी मागे ‘संथ छायाचित्रण’ या विषयावर एक कार्यक्रम ठेवला होता. फिल्म म्हणजे ध्यान, फिल्म म्हणजे स्वतःकडे परत जाणं, असं बरंच ऐकायला मिळालं. भिंतीवर एका जाळ्याचा पलंगाएवढा फोटो होता, आणि त्याच्या शीर्षकात ‘अनंत’ हा शब्द होता. चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, “फिल्म धुता कुठे?” ते म्हणाले, “मुंबईला पाठवतो.” त्यानंतर आम्ही कोकम सरबताविषयी बोललो.

जाळं मात्र ओळखीचं होतं. आमच्या शेजारच्या नाखवाचं.

कोळीवाड्यात होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात. आमच्या या नाखवाकडे एक लाकडी होडी होती, बापाच्या वेळची. दर पावसाळ्यात ती वाळूवर ओढून घ्यायची, फटी भरायच्या, तेल पाजायचं. नाखवाचा मुलगा तिकडे न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात आहे. त्याला मासळीचा वास चालतो, पण ताटातला. काही वर्षांपूर्वी सुट्टीला आला असताना त्यानं होडीचा फोटो काढून फोनच्या स्टेटसला टाकला. त्याच आठवड्यात समुद्रात जाळं कशात तरी अडकलं आणि फाटून अर्धंच हाती आलं. नाखवानं चौकशी केली, स्टेटस किती लोकांनी बघितलं. मुलानं सांगितलं. नाखवा म्हणाला, “येवऱ्या लोकांची नजर कंची होरी सोसल?”

त्या दिवसापासून होडीचा फोटो काढायला बंदी आली. घरातल्यांना, पाहुण्यांना, सगळ्यांना. किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांवर त्याचा इलाज चालत नव्हता. त्यांच्या फोनांमध्ये ती होडी सूर्यास्तापुढची काळी सावली म्हणून ढिगानं असेल, पण ते फोन गेले आपापल्या गावी. घरात होडीचा फोटो एकही उरला नाही. मुलानं तो पहिलाही काढून टाकला होता, कारण आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

मला नाखवाच्या होडीचे फोटो हवे होते. त्यात काही अनंत होतं म्हणून नाही, तर नाखवा होडीवर असताना वेगळा दिसायचा म्हणून. जमिनीवर तो गुडघे धरून चालणारा, कुरकुरणारा म्हातारा. होडीत चढला की एकदम कुरकुर बंद. मी विचारलं तर म्हणाला, “नाय.”

मी म्हटलं, “नाखवा, माझा फोनचा कॅमेरा नाही. फिल्मचा आहे. काढलेला फोटो मलाही दिसत नाही.”

“दिसत नाय म्हंजी?”

“धुवेपर्यंत कुणालाच दिसत नाही. डबीत अंधारात असतो.”

त्यानं बराच विचार केला. त्याची बायको ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. ती म्हणाली, “मंग नजर लागल कशी? बगायलाच नाय तर.”

“तेच बोलतो ना मी,” नाखवा म्हणाला, जसं काही ते त्यानंच शोधून काढलं होतं. मग माझ्याकडे वळून त्यानं अट सांगितली: “काढा. पन होरी पान्यान हाय तवर धुयाचा नाय. कबूल?”

मी कोर्टात आयुष्य काढलं असल्यामुळे कोळीवाड्यात मला वकील म्हणतात. मी वकील नाही हे बरीच वर्षं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. पण इतकी स्वच्छ अट मी कुठल्याही करारात वाचलेली नाही. मी कबूल झालो.

एका थंडीच्या सकाळी त्यानं मला होडीवर नेलं. मी एक पूर्ण रोल संपवला. नाखवा सुकाणूपाशी, नाखवा जाळं ओढताना, नाखवा माझ्यावर हसताना, कारण मी तोपर्यंत दोनदा ओकलो होतो. घरी येऊन मी रोल डबीत घातला, डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि फ्रीजच्या दारात अंड्यांशेजारी ठेवली. गारव्यात न धुतलेली फिल्म टिकते. कायमची नाही, पण टिकते.

ती तिथे काही वर्षं राहिली. अंडी आली, गेली. दोनदा बायकोनं विचारलं, “हे अजून लागतं?” मी म्हटलं, “होडी पाण्यात आहे.” तिला हे उत्तर पुरलं. या बाबतीत मी नशीबवान आहे. फ्रीज बदलला तेव्हा नवीन फ्रीजमध्ये सगळ्यात आधी तिनं ती डबी ठेवली, मग देवाच्या प्रसादाचा पेढा.

मग गेल्या वर्षी नाखवाचे गुडघे साफ गेले. होडी पावसाळ्याआधी वाळूवर ओढली ती पुन्हा उतरलीच नाही. लाकडी होडीला गिऱ्हाईक नाही. हल्ली सगळ्यांना फायबरची लागते. इंजिन विकलं गेलं. बाकीची होडी उन्हात तडकत राहिली आणि शेवटी नाखवानं ती फोडायला दिली. बऱ्याचशा फळ्या जळणाला गेल्या. त्या दिवशी तो घरातच बसून होता, दार लावून.

पुढे मे महिन्यात एका सकाळी नाखवीण आमच्या दारात आली. पाटी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “वकील, आता काढा.”

“काय काढू?”

“होरी. फ्रीजातनं.”

मी म्हटलं, “नाखवा हो म्हणतो?”

“त्यानीच धारलंय. सोता यायला लाज वाटते. बोलतो, पान्यान होती तवर नको होता, आता चुलीन गेली, आता कनाची नजर?” मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “घरान येक बी फोटू नाय वो तिचा. सपनान पन नीट दिसत नाय बोलतो. मागची बाजू दिसते नुसती.”

ती गेल्यावर मी फ्रीज उघडून डबीकडे बघत उभा राहिलो. फिल्मचं आयुष्य मला ठाऊक होतं. इतकी वर्षं थांबलेली फिल्म हळूहळू धुरकट होत जाते. एकच रोल, एकच धुणं, दुसरा प्रयत्न नाही. बिघडला तर ती होडी कुठेच उरणार नव्हती. बायको मागून म्हणाली, “दार लावा. अंडी गरम होतायत.”

पहिली अडचण पाण्याची होती. काळ्या-पांढऱ्या फिल्मला पाणी साधारण वीस-बावीस अंशांचं लागतं. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात अंडं उकडत नाही इतकंच. म्हणजे बर्फ हवा. मी नाखविणीला विचारलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती घमेलं भरून बर्फ घेऊन आली. तिच्या मागून काठी टेकत नाखवाही आला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी आजवर त्याला इस्त्रीच्या शर्टात फक्त लग्नात आणि मतदानाला बघितलं आहे.

त्यानं न्हाणीघरात डोकावून यंत्र बघितलं. “कपरं धुयाची मशीनच ही.”

“साधारण तसंच.”

“इंजन चालू करायच्या आगुदर नारल फोडायचा नाय?”

मी म्हटलं, नारळ नको, पाण्यात करवंटीचे तुकडे जातील. नाखवीण तयारीनं आली होती. तिनं कनवटीची पुडी काढून मोटरीला हळद-कुंकू लावलं. मी सभा-समारंभांची टवाळी करत आलेला माणूस, पण त्या दोन बोटांना अडवायचं माझ्या मनात आलं नाही. खरं तर बरं वाटलं.

घमेल्यातला बर्फ हौदात टाकला, तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे बघत थोडा थोडा. पाणी बावीस अंशांवर येऊन थांबलं. फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरची बाटली त्यात उभी केली. आता फिल्म टाकीत भरायची. हे काम पूर्ण अंधारात करावं लागतं. त्यासाठी एक काळी पिशवी असते, दोन बाह्या असलेली. पिशवीत टाकी आणि डबी घालायची, चेन लावायची आणि बाह्यांमधून हात आत घालून सगळं स्पर्शानं करायचं. मी पलंगावर पिशवी ठेवली आणि हात घातले.

मे महिन्यात, किनाऱ्यावर, काळ्या पिशवीत हातांना घाम येतो. घामानं फिल्म चिकट होते आणि टाकीतल्या रिळावर सरकेनाशी होते. त्यात माझा उजवा हात. मी अडकून बसलो. दोन्ही मनगटं पिशवीत, बाहेर काढता येत नाहीत, कारण काढली तर उजेड आत जाईल. नाखवा समोर खुर्चीत बसून बघत होता.

“वकील,” तो म्हणाला, “येवऱ्या वर्षांनी तुमालाच बेऱ्या परल्या.”

बायकोनं पंख्याचा वेग वाढवला आणि पिशवीवर ओला पंचा ठेवला. थोड्या वेळानं हातांचा घाम कमी झाला आणि फिल्म सरकली. मी टाकीचं झाकण फिरवून पक्कं केलं, तेव्हा पाठ भिजली होती.

हा सगळा वेळ नाखवीण न्हाणीघरात हौदाशी बसून होती. तिला दिसलं की आणलेला बर्फ विरघळतोय. मी सांगितलेलं एकच तिच्या लक्षात होतं: पाणी थंड पाहिजे. ती पडवीत गेली. तिथे तिची मासळीची पेटी होती, सकाळच्या बाजारातून परत आणलेली, उरलेल्या बर्फासकट. तो तिनं सगळा हौदात ओतला. पण तो बर्फ साधा नव्हता. पेटीतली मासळी दुपारपर्यंत टिकावी म्हणून ती बर्फावर मूठमूठ मीठ मारते. मीठ मारलेला बर्फ साध्या बर्फापेक्षा कितीतरी थंड असतो. कुल्फीवाल्याला हे माहीत असतं. मलाही माहीत होतं, शाळेपासून. पण ते आठवायला मी तिथे नव्हतो, बेड्यांमध्ये होतो.

मी आलो, झाकणाच्या उजेड न शिरणाऱ्या तोंडातून टाकीत डेव्हलपर ओतलं, टाकी रोलरवर ठेवली, मोटर सुरू केली. घर्र, टक, घर्र. मग समाधानानं काट्याकडे बघितलं. काटा बारा अंशांच्या खाली होता.

“हे काय?” मी म्हणालो.

“थंड जाला ना?” नाखवीण म्हणाली. तिला कौतुकाची अपेक्षा होती, आणि तिच्या बाजूनं ती रास्तच होती. रायगड जिल्ह्यात मे महिन्याच्या दुपारी इतकं थंड पाणी कुणी केलं नसेल.

मी पाण्यात बोट घालून चाखलं. खारट. तेव्हा कुठे मला उलगडा झाला. तिनंही माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं, काहीतरी बिनसलं.

“मीट नको होता काय?”

“नको होतं.”

“मंग बोललं पायजे ना. बर्फ बोललाव. बर्फाला मीट लागतंच.”

“मासलीच्या बर्फाला,” दारातून नाखवा म्हणाला. “होरीला कोन मीट लावते?”

“जल्मभर मिटान होती ती होरी,” ती म्हणाली. “तिला काय जालं?”

मला मात्र घाम फुटला होता, त्या थंड हौदाशेजारी. इतक्या थंडीत डेव्हलपर अर्धवट झोपेत काम करतं. ठरलेल्या वेळात फिल्म उजळणार नाही, चित्रं फिकट राहतील, आणि जुनी फिल्म आधीच फिकटलेली. तापमान आणि वेळ यांचा एक छापील तक्ता मिळतो. माझ्याकडचा पंधरा अंशांवर संपतो. त्याच्या खाली जायची पाळी तो छापणाऱ्यांवर आली नसावी. ओतलेलं डेव्हलपर परत काढून उपयोग नव्हता. मग मी अंदाज केला. नळाचं गरम पाणी तांब्या-तांब्यानं हौदात सोडत पाणी हळूहळू वर आणायचं आणि टाकी पुष्कळ जास्त वेळ फिरवायची. किती जास्त, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. बायको तांब्यानं पाणी घालत होती, मी काटा बघत होतो.

आणि त्या वाढीव वेळात लाईट गेली.

पंखा थांबला. मोटर एकदा टक करून गप्प झाली. टाकी थांबली. रोटरी प्रोसेसरमध्ये टाकी थांबणं वाईट, कारण रसायन तळाशी थोडंसंच असतं. फिल्मचा जेवढा भाग त्यात बुडालेला, तेवढाच उजळत राहतो, बाकीचा कोरडा. पट्टे पडतात. मी खाली बसलो आणि टाकी हातानं फिरवायला लागलो. माझ्या हातानं ती रोलरवरून उड्या मारायला लागली. तिसऱ्या उडीला पाणी उडून नाखविणीच्या पदरावर पडलं.

“सरा,” ती म्हणाली.

“अहो, ते—”

“सरा वो बाजूला. कसा करायचा ते सांगा.”

मी सांगितलं. सावकाश, एका बाजूला थोडे फेरे, मग थांबून उलटे, आणि थांबायचं नाही मी सांगेपर्यंत. तिनं पदर खोचला, हौदापुढे मांडी घातली आणि दोन्ही तळवे टाकीवर ठेवले. लाटणं फिरवावं तशी ती टाकी तिच्या हाताखाली फिरायला लागली. मोटरीपेक्षा जरा हळू, पण एकसारखी. तिचं लक्ष टाकीकडे नव्हतंच, माझ्या तोंडाकडे होतं.

“जोरान फिरव,” दारातून नाखवा म्हणाला.

“तुमी गप रावा. होरीवर पन असंच. हात दुसऱ्याचे, तोंड तुमचं.”

“होरी मी चालवलीय.”

“आनि पावसान तेल कोन पाजत होतं? तुमी बसून सांगत होतं, हितं राहिलं, तितं राहिलं.”

नाखवा हसला. “राहायचं पन ना.”

बायकोनं त्याला पाणी दिलं. तो खुर्ची ओढून न्हाणीघराच्या उंबऱ्याशीच बसला, काठी मांडीवर आडवी. बोलणं थांबल्यावर फक्त रोलरचा आवाज राहिला आणि नाखविणीच्या बांगड्यांचा. मला त्या वेळी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. एका टाकीत होडी, टाकी तिच्या हाताखाली, आणि मी तिघांमधला सगळ्यात निरुपयोगी माणूस. चौघांमधला, खरं तर. बायको अजून तांब्या धरून उभी होती. निरुपयोगी असूनही मला त्या दुपारी जितकं बरं वाटलं तितकं कुठल्याही सत्कारात वाटलं नव्हतं. माझा सत्कार एकदाच झाला आहे, निवृत्तीच्या दिवशी, आणि त्यात मला मिळालेल्या शालीवर दुसऱ्याचं नाव होतं.

शेवटी मी म्हटलं, “बास.” ते ‘बास’ मी घड्याळाकडे बघून म्हटलं नाही. वाटलं म्हणून म्हटलं. डेव्हलपर ओतून टाकलं. मग पातळ केलेला शिरका, म्हणजे काम थांबतं. मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं होतं. तोवर लाईट आली नव्हतीच. हायपोचा वेळ होईपर्यंत नाखवीण तशीच फिरवत राहिली.

झाकण उघडलं. नाखवानं डोळे मिटले होते. मी रिळाचा पहिला वेढा सोडवून खिडकीच्या उजेडात धरला.

होतं. धुरकट होतं, कडा राखाडी झाल्या होत्या, पण होतं. निगेटिव्ह म्हणजे सगळं उलटं, काळं ते पांढरं. पांढरा समुद्र काळा, काळी होडी पांढरी, आणि तिच्या मागच्या टोकाला पांढरा नाखवा. शेवटची काही चित्रं अगदीच गेली होती. पण मधली दहा-बारा चांगली होती. त्यातल्या एकात होडीचा पुढचा भाग पूर्ण आला होता, नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, वाळलेल्या हारासकट.

पट्टी अजून ओली होती. मी तिला चिमटा लावून खिडकीत टांगली. नाखवा काठी टेकत आला आणि नाक लागेल इतकं जवळ जाऊन बघायला लागला.

“तोंड हाय,” तो म्हणाला. “तिचं तोंड हाय.”

नाखवीण खालून वर बघत होती. निगेटिव्हवर, प्रत्येक चित्राच्या आकाशातून, एक गडद पट्टा आडवा गेला होता. लाईट गेल्यापासून तिनं टाकी हातात घेईपर्यंतच्या खोळंब्याचा. मी तो तिला दाखवला आणि म्हटलं, “हा पट्टा राहिला. त्याला इलाज नाही.” बंगलेवाल्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याला काहीतरी नाव दिलं असतं, हेही मनात आलं.

“ही माजी रेग?” तिनं विचारलं.

खरं म्हणजे ती रेघ तिची नव्हती. ती माझ्या हाताची आणि वीज मंडळाची होती. नाखविणीमुळे ती तेवढ्यावर थांबली होती. पण ती इतकी खूष दिसत होती की मी म्हटलं, “तुमचीच.”

आठवड्याभरात मी त्या पुढच्या भागाच्या चित्राचा मोठा प्रिंट काढला आणि फ्रेममध्ये घालून त्यांच्या घरी घेऊन गेलो. यंत्राच्या मोटरीच्या दांड्यावर तोवर मिठानं तांबूस गंज चढला होता. तो अजून आहे. घासला तर जाईल. मोटर चालते आहे, त्यामुळे मी तिकडे बघून न बघितल्यासारखं करतो, आणि हळदीकडेही.

रविवार होता, मुलगा न्हावा शेव्याहून आलेला. त्यानं फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि फोन खिशातून अर्धा काढला. मग बापाकडे बघून परत आत ठेवला. त्याबद्दल मी त्याचेही आभार मानतो.

मला वाटलं होतं ते फ्रेम देवांशेजारी लावतील. नाखवानं ठाम नकार दिला. येणारा-जाणारा बघेल. शेवटी लोखंडी कपाटाच्या दाराची आतली बाजू ठरली; तिथे खिळा नव्हता म्हणून मुलानं तारेनं फ्रेम बांधली, साड्यांच्या समोर. दार उघडलं की होडी, लावलं की नाही.

आम्ही चहा घेतला. नाखवा उठून कपाटाशी गेला, दार उघडलं आणि उभा राहिला. चहा निवला. मुलगा माझ्याशी यार्डातल्या क्रेनविषयी बोलत होता, तो बोलता बोलता थांबला. नाखवा अजून उभाच, एक हात दारावर, गुडघ्यांची कुरकुर नाही.

नाखवीण आतून आली, तिनं त्याच्या खांद्यावरून एकदा आत बघितलं आणि त्याचा हात बाजूला करून दार लावून घेतलं.

“बास जालं,” ती म्हणाली. “नजर लागल.”